गाडी पुण्याची, रस्ता जालन्याचा

सेकंड हँड गाडीला बाजारात एकच भाव असतो असं आपण धरून चालतो. स्विफ्ट, वॅगनआर, बोलेरो यांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. जालन्यात विका नाहीतर पुण्यात, दहा-वीस हजारांचा फरक पडेल, त्याहून जास्त नाही. पण पोलो जीटी, अबार्थ पुंटो, बलेनो आरएस, टियागो जेटीपी, आय-ट्वेंटी एन लाइन अशा टर्बो इंजिनच्या छोट्या, तगड्या गाड्यांना दोन भाव असतात. एक पुण्या-मुंबईचा, जिथं त्यांचे दर्दी राहतात. दुसरा आपल्याकडचा, जिथं गाडी बघायला आलेला माणूस आधी ॲव्हरेज विचारतो, मग डिझेल आहे का विचारतो आणि बॉनेट न उघडताच चहा पिऊन निघून जातो. घेताना आपण पुण्याचा भाव मोजतो. विकताना हातात जालन्याचा येतो. मधला फरक ज्यानं आधीच हिशेबात धरला, त्यानंच ही गाडी घ्यावी.

मी अशी एक गाडी पुण्याहून आणली, जालन्यात काही वर्षं वापरली आणि विकली. अंबड, घनसावंगी, परतूर असं कामाचं फिरणं होतं, अधूनमधून समृद्धी महामार्गानं नागपूर. त्या गाडीनं मला फार आनंद दिला आणि तो मी कधीच नाकारणार नाही. तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो जागा होतो तेव्हा अंगात जे येतं, ते साध्या गाडीत नाही. म्हणूनच आमच्याकडची तरुण मुलं आता हौसेनं अशा गाड्यांच्या चौकशा करायला लागली आहेत, तेव्हा त्यांना अडवण्यापेक्षा खर्चाची खरी बाजू सांगावी असं वाटतं.

अशा गाड्यांचा प्रकार जगात रूढ केला तो १९७६ साली विक्रीला आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयनं. घरगुती गाडीत दमदार इंजिन, इतकी साधी ती कल्पना. आपल्याकडे २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली, १.२ लिटरचं टर्बो इंजिन आणि १०५ अश्वशक्ती घेऊन. २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली, १४५ अश्वशक्तीची. त्या काळात आपल्याकडे इतक्या छोट्या गाडीत एवढी ताकद नवलाचीच होती. पुढं २०१७ मध्ये बलेनो आरएस, २०१८ मध्ये टियागो जेटीपी, २०२१ मध्ये आय-ट्वेंटी एन लाइन. पोलो चाकणची, पुंटो रांजणगावची. म्हणजे दोन्ही आपल्याच राज्यात जन्मलेल्या, आणि रांजणगाव तर आपण जालन्याहून पुण्याला जातो त्याच रस्त्यावर. पण गाडी कुठं बनली यापेक्षा तिचा जाणकार कुठं बसतो याला महत्त्व आहे.

एका संध्याकाळी समृद्धीवरून उतरून निधोन्याकडून शहरात येताना माझ्या गाडीची ताकद एकाएकी गेली. इंजिनचा दिवा लागला, गाडी रडतखडत चालायला लागली. मिस्त्रीनं पाहिलं. चांगला, प्रामाणिक माणूस, चाळीस वर्षांचा हात. त्यानं बॉनेट खाली ठेवलं आणि म्हणाला, "भाऊ, हिचं दुखणं आमच्या मशीनवर दिसत नाही. संभाजीनगरला न्या." साठ किलोमीटर टोचन करून नेली. तिथं स्कॅनर लावल्यावर कळलं की टर्बोकडून इंजिनकडे दाबाची हवा नेणारा पाइप चिरला होता. आणखी एक गोष्ट कळली. आधीच्या मालकानं इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून टर्बोचा दाब वाढवून घेतला होता, म्हणजे मुलं ज्याला रीमॅप म्हणतात ते. विकताना त्यानं याचा उच्चारही केला नव्हता. पाइपाची किंमत फार नव्हती. टोचनचा खर्च, पाइप मागवून येईपर्यंत गाडी पडून राहणं आणि तेवढे दिवस भाड्याच्या गाडीनं केलेली कामं, यांची बेरीज पाइपाच्या कितीतरी पट झाली.

या गाड्यांचा खर्च असाच येतो. प्रत्येक वस्तू महाग असते असं नाही. वस्तू आणि ओळखणारा हात दोन्ही लांब असतात, आणि ते अंतर पैशांत मोजावं लागतं. म्हणून गाडी बघण्याआधी तिच्या इंजिनचं काम येणारा माणूस आपल्या घरापासून किती किलोमीटरवर आहे, ते शोधा.

रीमॅपचं जास्त खोलात सांगतो, कारण पुण्याहून येणाऱ्या गाड्यांत हा मोठा धोका आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल करता येत नाही. असा बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर अपघातानंतर दाव्यात खोडा घालायला तिला कारण मिळतं. शिवाय वाढवलेला दाब क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो यांचं आयुष्य खातो आणि त्याचं बिल पुढच्या मालकाच्या नावानं फाटतं. विक्रेता म्हणेल, "सगळं स्टॉक आहे." त्याच्या शब्दावर विसंबू नका. त्या कंपनीचं काम जाणणाऱ्या गॅरेजमध्ये गाडी न्या, स्कॅनर लावा, सॉफ्टवेअरला हात लागलाय का ते विचारा. सायलेन्सर बदललेला, एअर फिल्टर बाहेरचा आणि मालक "मी कधीच पळवली नाही" म्हणतोय, असं असेल तर तिथून सरळ परत या.

ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं प्रकरण वेगळं. पोलो जीटी टीएसआयच्या पहिल्या पिढीत सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी होता. २०१३ च्या अखेरीस फोक्सवॅगननं जगभरातून सुमारे सोळा लाख गाड्या परत बोलावल्या, त्या याच जातीच्या गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल बदलून मिनरल तेल घालण्यासाठी. कोरडा क्लच मुंगीच्या चालीनं चालताना तापतो. अंगारकीला राजूरच्या गणपतीच्या रस्त्यावर तासभर इंच-इंच सरकायचं आणि वर मे महिन्याचं ऊन, यात त्याची परीक्षा असते. बघायला गेलात की गाडी गरम झाल्यावर, चढावर, एक-दोन गिअरमध्ये सरकवून पाहा. धक्का, थरथर किंवा गिअर बदलताना टोला जाणवला तर किंमत कमी करून घेण्यात अर्थ नाही, सोडून द्या. २०२० पासूनच्या १.० लिटर टर्बो पोलोत साधा सहा गिअरचा मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. आपल्या भागात तोच बरा.

आता रोजचा खर्च. पोलो जीटी टीएसआयचं कागदावरचं ॲव्हरेज १७.२, अबार्थचं १६.३. टर्बो वापरलात, आणि वापरणारच, तर हातात १२ पडले तरी समाधान माना. महिन्याला १,००० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर १८ देणाऱ्या साध्या गाडीला ५,८०० च्या आसपास लागतात, हिला ८,७५०. वर्षाला पस्तीस हजारांचा फरक. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. अशा पेट्रोलसाठी न बनलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटू शकतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं. असं पेट्रोल रबरालाही बाधू शकतं, त्यामुळं जुन्या गाडीच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील एकदा तपासून घेणं शहाणपणाचं.

टायरकडे फार जण दुर्लक्ष करतात. अबार्थचा टायर १९५/५५ आर १६ मापाचा. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात रबराची उंची १०.७ सेंटिमीटर. स्विफ्टच्या १६५/८० आर १४ मध्ये तीच १३.२ सेंटिमीटर आहे. हे अडीच सेंटिमीटर पुण्यात कुणाला आठवत नसतील. पावसाळ्यानंतर काळ्या मातीतल्या आपल्या डांबरी रस्त्यांना जे खड्डे पडतात, त्यात तेवढ्यानं अलॉय वाकतं. घनसावंगीच्या रस्त्यावर माझं वाकलं आणि टायरला फुगाही आला. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. तापलेल्या काँक्रीटवर फुग्याचा किंवा जुनाट टायर घेऊन त्या वेगानं जाणं म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळणं. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही खोल दिसो, सहा-सात वर्षांचा टायर बदलायचा, आणि चार टायरचे पैसे गाडीच्या भावातून आधीच वजा करायचे.

इंजिनचं तेल गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या दर्जाचंच घालायचं, आणि किलोमीटर झाले नसले तरी वर्षाला बदलायचं. महामार्गावरून आल्यावर मिनिटभर इंजिन सुरू ठेवून मग बंद करायचं, टर्बोसाठी. स्टील कारखान्यांच्या पट्ट्यात किंवा कच्च्या रस्त्यानं मोसंबीच्या बागांत जाणं असेल तर एअर फिल्टर पुस्तकात लिहिलंय त्याच्या निम्म्या अंतरावर बघा. बऱ्याच गाड्यांत पुढच्या जाळीमागे टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर असतो, त्यात भुसा-माती अडकते. तो हलक्या पाण्यानं धुवायचा, जोराचा फवारा मारला तर पात्या वाकतात.

विम्यात एक खाच आहे. थर्ड पार्टीचा हप्ता इंजिनच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांत १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १,५०० सीसीपर्यंत ३,४१६. बलेनो आरएस आणि एन लाइन ९९८ सीसीच्या, त्यामुळं स्वस्त गटात. खरी अडचण स्वतःच्या गाडीच्या विम्यात येते. विमा कंपनी गाडीची किंमत वयानुसार उतरवते, पाचव्या वर्षापर्यंत निम्मी, पुढं आपसात ठरेल ती. दर्दी माणसानं दुर्मीळ म्हणून दिलेले जास्तीचे पैसे त्या आकड्यात धरले जातीलच असं नाही. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण मोडली तर हौसेचा भाग बुडाला.

अबार्थचंच बघा. फियाटच्या गाड्या आपल्याकडे २०१९ मध्ये थांबल्या. साधी पुंटो त्यामुळं मातीमोल झाली, अबार्थला मात्र मागणी राहिली, कारण ती थोडीच बनली आणि तसं काही पुन्हा आलं नाही. पोलो २०२२ मध्ये बंद झाली तेव्हाही असंच झालं. पण दुर्मीळपणाचा हा भाव दर्दी लोकांच्या शहरातच मिळतो, तोही गाडी मूळ रूपात आणि सर्व्हिसच्या बिलांसकट असेल तर. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर २९ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे १२९ रुपयांची वस्तू ११८ ला. जुन्या एन लाइनचा भाव ऐकला की त्याच दिवशी नव्या एन लाइनचाही विचारा. विकणारे अजून जुन्याच किमतीच्या हिशेबात मागतात.

जालन्यात राहून आज कुणी मला विचारलं तर मी बलेनो आरएस किंवा मॅन्युअल गिअरची एन लाइन सांगतो. बलेनोच्या बऱ्याच सुट्या भागांना साधी बलेनो चालते आणि १.० लिटरचं बूस्टरजेट इंजिन २०२३ पासून फ्रॉन्क्समध्ये परत आलंय, त्यामुळं ते ओळखणारे हात वाढताहेत. एक तपासणी मात्र चुकवू नका. ऑक्टोबर २०१६ ते नोव्हेंबर २०१९ मध्ये बनलेल्या ७,२१३ बलेनो आरएस कंपनीनं एप्रिल २०२३ मध्ये ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपासाठी परत बोलावल्या होत्या. चासी नंबर देऊन ते काम झालंय का, हे मारुतीच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये कळतं. अबार्थ घ्यायची तर टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागा, आणि घरात दुसरी, रोजची गाडी असेल तरच घ्या.

माझी गाडी विकायला काढली तेव्हा इथल्या कन्सल्टंटनं पावणेचार सांगितले. मी इंजिनचं सॉफ्टवेअर मूळचं करून घेतलं होतं, सगळी बिलं फाईलला होती. पुण्याच्या एका मुलानं साडेचारला नेली, पण त्यासाठी मला गाडी तिकडं नेऊन त्याच्या पसंतीच्या गॅरेजमध्ये दाखवावी लागली आणि दोन महिने थांबावं लागलं. ज्याला पैशांची घाई आहे त्याला हे जमत नाही, आणि घाई कधी येईल ते सांगता येत नाही.

कागदांत ढिलाई नको. आणताना पुण्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, हस्तांतराचे २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा ३५, आणि थकलेले ई-चलान. चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळं हप्ता वाढेल हे धरा. विकताना तर जास्त जपायचं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नोंदवहीत ज्याचं नाव, भरपाईची जबाबदारी त्याची, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो. वेगवान गाडी घेणारा बहुधा तरुण असतो आणि पहिल्याच आठवड्यात तो ती पळवणार. चावी देण्याआधी हस्तांतराचा अर्ज त्याच्यासमोर परिवहनच्या संकेतस्थळावर भरा, तारीख आणि वेळ घालून ताबापावती घ्या, आणि आरसीवर नवं नाव चढेपर्यंत दर आठवड्याला नोंद तपासत राहा.