थेरपी चालू आहे, पण फरक पडतोय का?

बाळ उशिरा बसते, एकच हात वापरते, मोठे झाले तरी शर्टाचे बटण लावता येत नाही. अशा मुलांना रोजची कामे जमावीत म्हणून मदत करतात ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात 1950 मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी केली. तेव्हापासून या शास्त्रात पुष्कळ बदल झाला, म्हणून आम्हा थेरपिस्टांनाही सतत नवे संशोधन वाचावे लागते.

2019 मध्ये ऑस्ट्रेलियातील आयोना नोवाक आणि इन्ग्रिड होनन यांनी 129 शोधनिबंध तपासून उपचारांना सिग्नलसारखे रंग दिले : हिरवा म्हणजे करा, पिवळा म्हणजे करताना फरक मोजत राहा, लाल म्हणजे थांबा.

हिरव्यात काय आले? मुलाला जे काम जमायला हवे, त्याच कामाचा सराव. जेवायला शिकायचे तर ताट-वाटी घेऊनच शिकायचे. शरीराची एक बाजू कमजोर असेल तर चांगला हात ठरावीक वेळ अडकवून कमजोर हाताने खेळवणे. हे मात्र थेरपिस्टच्या देखरेखीखालीच. आणि आई-वडिलांनी शिकून घेऊन घरी करायचा सराव. नुसते हातपाय ताणून दिल्याने मूल कामे करू लागते, याला मात्र भक्कम पुरावा नाही.

बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या घराला हे फार मोलाचे आहे. दर वेळी मजुरी बुडवून लोकलने मुंबई गाठणे जमत नाही. पण भाकरीचे पीठ मळू देणे, डबा उघडायला लावणे, चड्डी स्वतः घालू देणे हे घरात रोज होऊ शकते.

वेळ दवडू नका. चार महिन्यांनंतरही मान सावरत नसेल किंवा मुठी कायम घट्ट असतील, नऊ महिन्यांचे बाळ आधाराशिवाय बसत नसेल, वर्षाच्या आत एकच हात पुढे करत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. 'मोठे झाले की सुधारेल' म्हणून थांबू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्या पालघरमध्येच झाली. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुले तपासते. पुढचे उपचार मोफत आहेत. पथक कधी येणार, हे अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा.

कर्ज काढून महागडे उपचार घेण्याआधी सावध व्हा. ऑटिझमवर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

थेरपिस्टला तीन प्रश्न जरूर विचारा : हे कोणत्या कामासाठी आहे? फरक पडला हे कधी आणि कसे मोजणार? घरी आम्ही काय करायचे? चालू थेरपी मनाने बंद करू नका, पण विचारायला संकोचू नका. कोणी सांगितले म्हणून मानू नये, तपासून पाहावे, ही शिकवण आपल्या घरांना नवी नाही.