मुक्कामाची निवड : प्रवाशांसाठी एक अभ्यासपाठ

प्रवासास निघताना आपण बहुधा तीन गोष्टी ठरवितो : जावयाचे कोठे, केव्हा आणि कसे. रात्री राहावयाचे कोठे, हा चौथा प्रश्न मात्र ‘तेथे गेल्यावर पाहू’ असे म्हणून मागे टाकला जातो. अलीकडे भ्रमणध्वनीवर सर्वांत कमी दराची खोली शोधून ती नोंदविली की हे कामही झाले, असे पुष्कळांना वाटते. दोन्ही रीती सारख्याच महाग पडण्याचा संभव असतो. खेड्यातून शहराकडे जाणारा माणूस क्वचितच केवळ मौजेसाठी जातो. कोणी रुग्णास घेऊन जातो, कोणी मुलास परीक्षेस नेतो, कोणास न्यायालयाची तारीख असते, तर शिक्षकांवर चाळीस-पन्नास विद्यार्थ्यांची जबाबदारी असते. अशा वेळी मुक्काम चुकला, तर ज्या कामासाठी प्रवास केला ते कामच बिघडते.

ह्या विषयाचे मुख्य सूत्र एका वाक्यात सांगता येईल. मुक्काम हा दुसऱ्या दिवशी सकाळी करावयाचे काम पाहून निवडावा, आणि तेथे दिवसाउजेडी पोहोचता यावे. भाड्याचा विचार त्यानंतर करावा. प्रस्तुत पाठात ह्याच सूत्राचा उदाहरणांसह विचार केला आहे.

१. पूर्वजांची दृष्टी

हे सूत्र नवे नाही. गोमंतकात मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, रामनाथी येथील देवस्थानांच्या प्रांगणास लागून अग्रशाळा आहेत. दूरदूरच्या गावांहून येणाऱ्या महाजनांस व कुळाव्यांस पहाटेच्या पूजेस अथवा पालखीस वेळेवर हजर राहता यावे, ही त्यांमागील सोय होय. देवदर्शन हे काम, म्हणून राहण्याची जागा देवळाशेजारी.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर ह्यांनी आपल्या राजवटीत (१७६७ ते १७९५) स्वतःच्या राज्याबाहेरील तीर्थक्षेत्रीही घाट, विहिरी व धर्मशाळा बांधविल्या. स्नान, पाणी व निवारा ह्या यात्रेकरूच्या गरजा एकत्र भागाव्यात, हा विचार त्यांत दिसतो.

मुंबईस जहाजावरील नोकरीसाठी जाणाऱ्या गोमंतकीयांनी धोबीतलाव व आसपासच्या भागांत ‘कूड’ ह्या नावाने ओळखली जाणारी, गावोगावची आपापली वसतिस्थाने उभारली. एका गावच्या माणसांनी एकत्र राहावे, जहाज मिळेपर्यंत कमी खर्चात दिवस काढावेत, आणि ते बंदराच्या शहरातच काढावेत, अशी ती योजना होती.

संत गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) ह्यांनी पंढरपूर, नाशिक इत्यादी ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या नावाने मुंबईत दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाच्या रुग्णांची व त्यांच्या नातेवाइकांची सोय केली जाते. काळ आणि मंडळी निरनिराळी असली, तरी ‘येथे येणाऱ्या माणसास उद्या सकाळी काय करावयाचे आहे?’ हा प्रश्न सर्वांनी प्रथम विचारला, असे ह्या चारही उदाहरणांत दिसून येईल.

२. शहरातील मुक्काम : परळचे उदाहरण

आता प्रत्यक्ष हिशोब करून पाहू. सत्तरी तालुक्यातील एका कुटुंबास तपासणीसाठी परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात पाच दिवस जावयाचे आहे. १९४१ पासून कार्यरत असलेल्या ह्या रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. रुग्णासोबत दोन माणसे आहेत. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, परळ-दादर भागातील साध्या खोलीचे भाडे दिवसाला १,८०० रुपये आहे आणि वसईकडील खोलीचे १,००० रुपये. वरवर पाहता दूरच्या खोलीत रोज ८०० रुपये वाचतात. परंतु अशक्त रुग्णास सकाळच्या गर्दीच्या लोकलगाडीतून नेता येत नाही. टॅक्सी करावी लागते. दूरच्या मुक्कामाहून एका खेपेस १,२०० रुपये धरले, तर जाण्यायेण्याचे २,४०० रुपये होतात. जवळच्या मुक्कामाहून हाच खर्च ३०० रुपये धरू. म्हणजे दूरच्या मुक्कामाचा रोजचा खर्च ३,४०० रुपये आणि जवळच्याचा २,१०० रुपये. पाच दिवसांत हा फरक ६,५०० रुपयांचा होतो; आणि रुग्णाचे रोजचे कित्येक तास रस्त्यावर जातात, ते वेगळेच. स्वस्त खोली ही स्वस्त मुक्काम असतेच असे नाही.

धर्मशाळेची सोय मिळाल्यास खर्च पुष्कळच कमी होतो. मात्र तेथे रुग्णालयाची कागदपत्रे पाहिली जातात आणि जागा रिकामी असेलच असा भरवसा नसतो. म्हणून रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात आधी चौकशी करावी आणि पहिल्या दोन रात्रींची पर्यायी व्यवस्था करूनच निघावे.

रुग्ण सोबत नसेल, माणूस धडधाकट असेल आणि काम परीक्षेचे अथवा कचेरीचे असेल, तर उत्तर बदलते. अशा वेळी दूर राहण्यास हरकत नाही. परंतु काम ज्या लोहमार्गावर, मुक्कामही त्याच मार्गावर असावा. मुंबईत पश्चिम, मध्य व हार्बर असे उपनगरी मार्ग आहेत. अंधेरीस परीक्षा असताना डोंबिवलीस मुक्काम केल्यास ऐन गर्दीत दादरला गाडी बदलावी लागते, आणि तेथेच वेळापत्रक कोलमडते. बोरिवलीस उतरलेला परीक्षार्थी मात्र एकाच गाडीने अंधेरीस पोहोचतो.

आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा. गोव्याहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी मुंबईस पहाटे उतरतो. परंतु पुष्कळ हॉटेलांत खोली दुपारी बारानंतर मिळते. आंघोळ आणि विश्रांतीविना थेट परीक्षेस अथवा दवाखान्यात जाण्याची पाळी येते. खोली दुपारी बाराच्या हिशोबाने मिळते की आत शिरल्यापासून चोवीस तासांच्या, हे नोंदणीपूर्वी विचारावे. मोठ्या रेल्वेस्थानकांवर निश्चित तिकीट असलेल्या प्रवाशांसाठी विश्रांतिकक्ष असतात. त्यांचाही विचार करावा.

३. रस्त्यावरील मुक्काम : पणजी ते मुंबई

मोटारीच्या प्रवासात मुक्कामाचे महत्त्व अधिकच वाढते. पणजी ते मुंबई हे राष्ट्रीय महामार्ग ६६ वरील अंतर सुमारे ५८० किलोमीटर आहे. ते एका दमात तोडण्याचा हट्ट पुष्कळजण धरतात. दिवस मोठा व हवा कोरडी असताना हे जमतेही. पावसाळ्यात मात्र हा हट्ट सोडावा.

ह्या रस्त्याचा अनुभव विसरण्याजोगा नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्यासोबत दोन एसटी बसगाड्या व इतर वाहने नदीत गेली. त्या प्रवाशांकडे कोणताही दोष जात नाही. परंतु भर पावसात, काळोखात, पुढे काय झाले आहे हे चालकास दिसत नाही, एवढा धडा त्या दुर्घटनेतून घ्यावयास हवा. दुसरे उदाहरण चिपळूणचे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या महापुराने शहराच्या सखल भागांत मोठा हाहाकार उडाला. अंतराच्या दृष्टीने चिपळूण मुंबईस जाताना निम्म्याहून थोडे पुढे येते, म्हणून मुक्कामास सोयीचे आहे. पावसाळ्यात मात्र तेथे उंचावरील जागा निवडावी, तळमजल्यावरील खोली टाळावी आणि वाहन नदीकाठच्या सखल भागात उभे करू नये.

ह्यावरून रस्त्यावरील मुक्कामाचे तीन नियम सांगता येतील. पहिला, नकाशावरील मधला बिंदू पाहण्याऐवजी सूर्यास्तापूर्वी कोठवर पोहोचू ते पाहावे. दुसरा, घाट मुक्कामानंतर सकाळी ओलांडावयाचा की आधी, हे ठरवावे. दिवस मावळत असेल तर घाटाच्या अलीकडेच थांबावे. हाच नियम बेळगावकडे चोर्ला अथवा अनमोड मार्गे जाणाऱ्यांस व आंबोलीने वर चढणाऱ्यांसही लागू आहे. पावसाळ्यात ह्या घाटांत धुके दाट असते. तिसरा, महामार्गापासून फार आत वळू नये. रत्नागिरीस मुक्काम करावयाचा झाल्यास हातखंब्याहून आत जावे लागते आणि सकाळी तेवढेच परत यावे लागते. रत्नागिरीत काम असेल तर ते योग्यच; नुसते झोपण्यासाठी नव्हे.

येथे वाहनचालकाचाही विचार केला पाहिजे. भाड्याची गाडी घेऊन गेलेले कुटुंब खोलीत झोपते आणि चालक गाडीतच डासांत रात्र काढतो, हे दृश्य सर्वत्र दिसते. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या हाती आपण सर्वांचे प्राण सोपवितो. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ अन्वये चालकाच्या कामाची मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास ठरविण्यात आली होती. ह्या मर्यादेमागील हेतू लक्षात घेऊन प्रत्येक प्रवाशाने आपला बेत आखावा. मुक्कामाची जागा ठरविताना ‘चालकास झोपण्याची सोय आहे काय?’ हा प्रश्न विचारावयास विसरू नये. ह्या सोयीचा खर्च प्रवासखर्चातच धरावा.

४. खोली पाहताना

खोली पसंत करण्यापूर्वी ती डोळ्यांनी पाहावी. गादी व न्हाणीघर सर्वचजण पाहतात. बाहेर पडण्याची वाट थोडेच पाहतात. १२ फेब्रुवारी २०१९ रोजी दिल्लीतील करोल बाग भागात एका हॉटेलास पहाटे आग लागून १७ जण मृत्युमुखी पडले. धूर कोंडला म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसास जिन्याची दिशाही कळत नाही. म्हणून खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारे लागतात ते मोजून ठेवावे, दुसरा जिना कोठे आहे व तो कुलूपबंद तर नाही ना हे पाहावे, आणि खिडकी उघडते की नाही ते तपासावे. वृद्ध अथवा आजारी माणूस सोबत असल्यास खालच्या मजल्यावरील खोली मागावी. पुराचा संभव असेल तेथे पहिला मजला बरा.

दराची बोलणी करताना कर धरून किती, हे विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के करण्यात आला आहे. पावती अवश्य घ्यावी. ओळखपत्राची प्रत द्यावी लागते; आधारपत्र देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रतही काढता येते.

भ्रमणध्वनीवरून आगाऊ रक्कम पाठविताना विशेष दक्षता घ्यावी. नामांकित भक्तनिवासांच्या व हॉटेलांच्या नावाने खोटी संकेतस्थळे उघडून पैसे उकळण्याचे प्रकार घडतात. दूरध्वनी क्रमांक संस्थेच्या अधिकृत पत्रकावरून अथवा माहितगाराकडून घ्यावा आणि प्रथम बोलून मगच पैसे पाठवावेत. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० ह्या क्रमांकावर कळवावे. इतर कोणत्याही संकटात ११२ हा क्रमांक आहे.

आपल्या राज्यात पाहुण्यांस खोल्या भाड्याने देणाऱ्यांचेही कर्तव्य आहे. हॉटेल व अतिथिगृह चालविणाऱ्यांस १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी अधिनियमानुसार पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी असलेल्या जागेबाबत तक्रार झाल्यास दाद मागण्यास ठिकाण असते. म्हणून प्रवाशानेही नोंदणीविषयी विचारणे युक्त होय.

५. शिक्षकांसाठी

रायगड पाहण्यास निघालेल्या शाळेचे उदाहरण घेऊ. गडावर चढण्यास हजाराहून अधिक पायऱ्या आहेत आणि उन्हे चढण्यापूर्वी चढण संपलेली बरी. म्हणून मुक्काम महाड अथवा पायथ्याच्या पाचाड परिसरात करावा. रात्रभर बसमध्ये बसवून मुलांना थेट गडावर नेल्यास एका रात्रीचे भाडे वाचते. परंतु झोपाळलेली मुले पायऱ्यांवर ठेचकाळतात आणि इतिहासही त्यांच्या मनात उतरत नाही. मुलींच्या खोल्या एकाच मजल्यावर असाव्यात व त्या मजल्यावर शिक्षिकेचा मुक्काम असावा. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहांची संख्या आणि जवळचा दवाखाना ह्यांची चौकशी सहलीपूर्वीच करावी. झोपण्यापूर्वी व उठल्यावर हजेरी घ्यावी, आणि बाहेर पडण्याची वाट प्रत्येक विद्यार्थ्यास प्रत्यक्ष चालवून दाखवावी.

स्वाध्याय

१. आपल्या गावाहून जिल्ह्याच्या अथवा राज्याच्या मुख्य रुग्णालयात तीन दिवस जावयाचे आहे. जवळचा व दूरचा असे दोन मुक्काम गृहीत धरून भाडे, वाहनखर्च व लागणारा वेळ ह्यांचा तक्ता तयार करा.

२. आपल्या तालुक्यातून बाहेर जाणाऱ्या एका रस्त्याचा नकाशा काढा. त्यावरील घाट, नद्या व पुराची ठिकाणे दाखवा आणि पावसाळ्यात सूर्यास्तापूर्वी कोठे थांबाल ते खूण करून कारण लिहा.

३. आपल्या परिसरातील अग्रशाळा, धर्मशाळा अथवा पांथस्थांची विहीर कोणाच्या कोणत्या गरजेसाठी बांधली गेली, ह्याची माहिती गावातील वडीलधाऱ्यांकडून मिळवा व वर्गात वाचून दाखवा.