ई-पत्रांची जपणूक

पूर्वी शिष्यवृत्तीचे वा नोकरीचे पत्र टपालाने येई आणि घरातील वडीलधारी माणसे ते ट्रंकेत जपून ठेवीत. आता अशी पुष्कळ पत्रे ई-मेलने येतात. कर्जत व खालापूर तालुक्यांतील डोंगरालगतच्या वाड्यांत नेटवर्कचा भरवसा नेहमीच धरता येत नाही. यास्तव महत्त्वाचे पत्र संगणकावर उतरवून ठेवणे शहाणपणाचे होय. परंतु ते वेब पेज म्हणून उतरविले, की शेजारी त्याच नावाचे एक फोल्डर आपोआप उभे राहते. दहा पत्रांची दहा फोल्डरे झाली, म्हणजे हा केर समजून ती पुसून टाकण्याचा मोह होतो. तसे करण्यापूर्वी ती काय आहेत, हे आपण पाहू.

पानाच्या मुख्य फाईलमध्ये मजकूर असतो. चित्रे कोठे सापडतील, याची तीत केवळ खूण असते. बोधचिन्ह, शिक्का, छायाचित्र ही प्रत्यक्षात त्या फोल्डरात राहतात. त्याच्या नावाअखेर बहुधा ‘फाइल्स’ हा शब्द असतो. ते नाव बदलले, की खूण चुकते. विंडोज संगणकावर तर ही जोडी एकमेकांस बांधलेली असते. फोल्डर पुसले असता पानही जाते. उलटपक्षी, खोपोलीच्या विद्यार्थ्याने केवळ पान जोडून कर्जतला पाठविले, तर तेथे छायाचित्राच्या जागी रिकामी चौकट दिसेल.

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रुमालातून सुटलेल्या कागदाचा संदर्भ लागणे कठीण. तद्वत् पान आणि फोल्डर यांची ताटातूट होऊ देऊ नये.

तथापि जोडीच नको असेल, तर उतरविताना प्रकार निवडावा. क्रोममध्ये ‘कम्प्लीट’ निवडल्यास फोल्डर होते. ‘एचटीएमएल ओन्ली’ निवडल्यास ते होत नाही, पण चित्रेही जपली जात नाहीत. ‘सिंगल फाईल’ निवडल्यास सर्व काही एकाच फाईलमध्ये बांधले जाते. हिला एमएचटीएमएल म्हणतात. ई-मेलमध्ये मजकूर व चित्रे एकत्र बांधण्याची जी रीत १९९२ साली ठरली, तिच्याच आधारे हिची रचना आहे. मात्र ही फाईल सर्वत्र उघडत नाही. म्हणून कार्यालयात दाखवावयाचे पत्र छपाईच्या आज्ञेतून पीडीएफ करून ठेवणे अधिक सोयीचे. पत्राला जोडलेली कागदपत्रे यांत येत नाहीत. ती निराळी उतरवावीत.

जुन्या जोड्या आवरावयाच्या असल्यास प्रत्येक पान उघडून त्याचे पीडीएफ करावे, नेटवर्क बंद करून ते तपासावे, नावात वर्ष व विषय घालावा आणि मगच जोडी पुसावी. पालकांनीही पाल्याजवळ बसून वर्षातून एकदा हे काम करावे, अशी आमची सूचना आहे. ऐन प्रवेशाच्या दिवशी हवे ते पत्र हाती लागले, म्हणजे ह्या श्रमांचे चीज झाले.