जीप उंच केली, स्टिअरिंग का बिघडलं?

हॉस्टेलवर कुणाचीही गाडी बिघडली की हाक मेकॅनिकलवाल्याला! गेल्या दिवाळीत रूममेटच्या गावी गेलो तर तिथेही सुटका नाही. त्यांची जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप उसाच्या चिखलात पोटावर टेकायची, म्हणून त्याच्या वडिलांनी ती उंच करून घेतली होती. जादा पाटे घालून ७५ मिमी आणि लांब शॅकलमुळे २५ मिमी, एकूण १०० मिमी. तेव्हापासून गाडी सरळ चालताना स्टिअरिंग व्हील तिरकं राहायचं. मी ड्रॅग लिंकचा स्लीव्ह फिरवून लांबी जुळवली, व्हील सरळ केलं आणि ऐटीत म्हणालो, "काका, झालं काम!"

दुसऱ्या दिवशी ओढ्यावरच्या पुलाच्या तोंडाशी चाकं खड्ड्यात उतरली आणि जीप आपणहून कठड्याकडे ओढली गेली. काकांनी करकचून ब्रेक दाबला. कठडा वीतभर लांब राहिला. मागे रूममेटची धाकटी बहीण बसली होती. कुणाला लागलं नाही, पण ते "झालं काम" अजून कानात वाजतं. परत आल्यावर वर्कशॉपमधल्या सरांसमोर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्यातून जे समजलं ते इथे मांडतो.

पहिलं कारण : तिरकी ड्रॅग लिंक

अशा जीपला पुढे अखंड अ‍ॅक्सल असतो. स्टिअरिंग बॉक्स चासीवर, तर चाकं अ‍ॅक्सलवर. या दोघांना जोडते ती ड्रॅग लिंक. गाडी उंच केली की बॉक्स वर जातो, अ‍ॅक्सल खालीच राहतो आणि लिंक तिरकी होते.

आता शाळेतला पायथागोरस आठवा. समजा, लिंक ६०० मिमी लांब आणि आडवी आहे. अ‍ॅक्सल ५० मिमी वर किंवा खाली गेला तर तिचं आडवं अंतर जेमतेम २ मिमीने बदलतं. पण तिची एक बाजू १०० मिमी वर गेली असेल, आणि मी केलं तसं लांबी वाढवून (सुमारे ६०८ मिमी) व्हील सरळ केलं असेल, तर? अ‍ॅक्सल ५० मिमी वर गेला की फरक ६ मिमी, आणि ५० मिमी खाली गेला की साडेदहा मिमी! चाकाकडचा स्टिअरिंग आर्म १५० मिमीचा धरला तर साडेदहा मिमी म्हणजे चाक ४ अंश वळलं, आणि तेही ड्रायव्हरचे हात स्थिर असताना. यालाच बंप स्टिअर म्हणतात. माझ्या दुरुस्तीने उभ्या गाडीचं व्हील सरळ झालं, लिंकचा कोन तसाच राहिला.

उपाय म्हणजे लिंक पुन्हा शक्य तितकी आडवी करणे. त्यासाठी जास्त खाली उतरणारा पिटमन आर्म बसवतात, किंवा चाकाकडचं टोक उंच आर्म लावून वर घेतात. बसवल्यावर दोन्हीकडे पूर्ण वळवून लिंक कुठे घासत नाही ना, ते पाहायचं. मूळचा आर्म गॅसने तापवून वाकवणं किंवा वेल्ड करणं मात्र कधीही नको. पोलादाचं हीट ट्रीटमेंट बिघडतं आणि तो भाग नेमका वळणावर दगा देऊ शकतो. जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगच्या गाडीत पॅनहार्ड रॉडही असतो. तिथे रॉड आणि ड्रॅग लिंक समांतर हव्यात, एकीचाच कोन बदलून चालत नाही.

दुसरं कारण : हरवलेला कॅस्टर

सायकल हात सोडून सरळ जाते, त्यात कॅस्टरचाही वाटा असतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मागे येतं तेही त्यामुळेच. काकांच्या जीपमध्ये शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. पाटा १००० मिमी लांब धरा. शॅकल ५० मिमी लांब केली की गाडी फक्त २५ मिमी उचलते, पण अ‍ॅक्सल जवळजवळ ३ अंश पुढे झुकतो आणि तेवढा कॅस्टर कमी होतो. मुळात तो असतोच मोजक्या अंशांचा! मग गाडी रस्त्यावर भरकटते, व्हील मागे येत नाही. उपाय : लांब शॅकल काढणे, किंवा पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये योग्य कोनाची पोलादी पाचर बसवणे.

तिसरं कारण : प्ले

मोठे टायर आणि तिरके जोड यांमुळे जुनी झीज उघडी पडते. ठरावीक वेगाला व्हील थडथडू लागलं की लोक स्टिअरिंग डॅम्पर बदलतात. त्याने लक्षण झाकतं, रोग तसाच राहतो. तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, इंजिन बंद. (पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलला.) एकाने व्हील थोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने बाजूने एकेका जोडावर हात ठेवायचा. टाय रॉड एंड, किंग पिन, बॉक्सचे बोल्ट, पाट्याचे यू बोल्ट, बुश... जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला उशिरा हलतो, तिथे प्ले.

थोडक्यात क्रम असा : आधी प्ले, मग लिंकचा कोन, मग कॅस्टर, मग टो-इन. व्हील सरळ करणं सगळ्यात शेवटी. मी सुरुवातच तिथून केली होती.

कायद्याचीही एक बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं. हे सगळं आकड्यांसकट काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मूळ पाटे-शॅकल परत बसवून घेतले. मी सुट्टीत गेलो तेव्हा लिंक पुन्हा आडवी होती. स्लीव्ह परत मूळ मापावर आणला, प्रत्येक जोड हाताने तपासला, मग त्याच पुलावरून गाडी नेली. या वेळी मागच्या सीटवर मी बसलो होतो.

परत आल्यावर काकांनी विचारलं, "काय इंजिनिअर, झालं का काम?"

म्हटलं, "काका, अजून एकदा प्ले बघतो, मग सांगतो."