सातबारा वडिलांचा, कर्ज कोणाला?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये नोकरी करतो. मुरबाडला वडिलांची एकरभर जमीन आहे. तिथे भेंडी-काकडी लावायची आहे. पर्सनल लोन काढू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मुळीच नको. किसान क्रेडिट कार्डावर 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला 7 टक्के व्याज असतं; वेळेत फेडलं तर 4 टक्केच पडतं. 1 जानेवारी 2025पासून 2 लाखांपर्यंत तारणही लागत नाही. मात्र सातबारा वडिलांच्या नावे आहे, तर अर्जही त्यांच्याच नावाने करा. आणि शाखा गावाकडची गाठा, ठाण्यातली नव्हे. सातबारा, आठ-अ, आधार, शिवाय इतर बँकांची थकबाकी नसल्याचा दाखला न्या. लागवड झाली की ई-पीक पाहणीत भेंडी नोंदवा. उताऱ्यावर नुसती पड दिसली, तर पुढच्या वर्षी साहेब हमखास अडवतील. फेडीची तारीख चुकली की व्याजसवलत गेलीच.