घटक ४ : बाजारातील गुजराती – मराठीच्या आधाराने परभाषेचे अध्ययन

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस –
१. बाजारात उपयोगी पडणारी गुजराती वाक्ये अर्थासह सांगता येतील.
२. मराठी व गुजराती यांतील रचनासाम्य उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
३. सारख्या दिसणाऱ्या, पण भिन्न अर्थाच्या शब्दांविषयी सावध राहता येईल.

४.१ प्रास्ताविक

सांगली जिल्ह्यातील आटपाडी, खानापूर, कवठे महांकाळ या अवर्षणप्रवण पट्ट्यातील अनेक कुटुंबांनी शेतीवर भागेना म्हणून गलाईचा, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा, व्यवसाय पत्करला. या व्यवसायाने ती भारतभर पसरली. गुजरातमधील शहरांतही ती स्थायिक झाली आहेत. दुकानात बसणारा पुरुष व्यापाऱ्यांच्या सहवासात तेथील भाषा हळूहळू आत्मसात करतो. नव्याने आलेल्या गृहिणीला मात्र ती पहिल्याच दिवशी, भाजीच्या गाडीपाशी लागते. भाव विचारता आला नाही, तर सांगेल ती किंमत द्यावी लागते, किंवा किरकोळ खरेदीसाठीही पतीची वाट पाहावी लागते. बाजारातील मोजकी वाक्ये आली, की तिचा व्यवहार तिच्या हाती येतो.

अशा वेळी मराठी भाषक बहुधा हिंदीचा आधार घेतात. त्याने वेळ भागते. परंतु गुजराती शिकण्यासाठी मराठीचीच वाट अधिक जवळची आहे. ती कशी, हे आता पाहू.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ मराठी भाषकाजवळ असलेले भांडवल

(अ) तीन लिंगे : हिंदीत दोन लिंगे आहेत. गुजरातीत मराठीप्रमाणे तीन आहेत. मराठीतील 'चा, ची, चे' या प्रत्ययांच्या जागी गुजरातीत 'नो, नी, नुं' येतात. 'रींगणनो भाव' म्हणजे वांग्यांचा भाव, 'केरीनी पेटी' म्हणजे आंब्यांची पेटी आणि 'सींगनुं तेल' म्हणजे शेंगांचे तेल. भाव, पेटी व तेल या तिन्ही शब्दांचे लिंग दोन्ही भाषांत एकच आहे.

(आ) 'पाहिजे' आणि 'जोईए' : 'पाहिजे' हे 'पाहणे' या धातूचे जुने कर्मणी रूप होय. गुजरातीत 'जोवुं' म्हणजे पाहणे. त्यापासूनच 'जोईए' हे रूप झाले. 'मारे डुंगळी जोईए छे' म्हणजे 'मला कांदा पाहिजे'. पाहण्याच्या क्रियेतून गरजेचा अर्थ दोन्ही भाषांनी सारख्याच रीतीने घडविला आहे.

(इ) 'आम्ही' आणि 'आपण' : ऐकणाऱ्याला वगळून 'आम्ही' व सामावून घेऊन 'आपण', हा मराठीतील भेद गुजरातीत 'अमे' व 'आपणे' असा आढळतो. हिंदीत दोहोंसाठी 'हम' हा एकच शब्द आहे.

(ई) उच्चार : 'ळ' हा वर्ण गुजरातीत आहे, डुंगळी, केळां, गोळ (गूळ) हे शब्द पाहा. 'च' व 'ज' यांचा उच्चार मात्र तालव्यच करावा. 'जोईए'मधील 'ज' हा 'जीवन'मधील 'ज'सारखा आहे, 'जोडा'मधील 'ज'सारखा नाही.

४.२.२ एक संवाद

परभाषेतील शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा प्रसंगासह शिकावेत. ते लवकर आठवतात. पुढील संवाद मोठ्याने वाचा.

ग्राहक : बहेन, रींगणनो शुं भाव छे? (ताई, वांग्यांचा काय भाव आहे?)
विक्रेती : साठ रूपिये किलो. (साठ रुपये किलो.)
ग्राहक : मोंघां छे. थोडुं ओछुं करो ने. (महाग आहेत. थोडे कमी करा ना.)
विक्रेती : सारुं, पचासमां लई जाओ. (बरे, पन्नासला घेऊन जा.)
ग्राहक : अडधो किलो आपो. वीणीने लउं? (अर्धा किलो द्या. वेचून घेऊ का?)
विक्रेती : हा, लो. (हो, घ्या.)
ग्राहक : केटला थया? (किती झाले?)
विक्रेती : पचीस. छुट्टा आपजो. (पंचवीस. सुटे द्या.)
ग्राहक : लो. आवजो. (घ्या. येते.)

'आवजो' या निरोपाच्या शब्दाचा मूळ अर्थ 'या' असा आहे. घरातून निघताना आपणही 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो. भाव तोच आहे. अनोळखी विक्रेत्याला 'भाई', विक्रेतीला 'बहेन', वयस्क स्त्रीला 'मासी' असे संबोधावे. 'तुम्ही'साठी 'तमे' वापरावे.

बोलणे समजले नाही, तर एक वाक्य नेहमी हाताशी असावे : 'जरा धीमे बोलो, हुं गुजराती शीखुं छुं.' (जरा हळू बोला, मी गुजराती शिकत आहे.)

४.२.३ संख्या

'दोन'ला गुजरातीत 'बे' म्हणतात. हा शब्द आपण 'बे एके बे' या पाढ्यातून शिकलेलो आहोत. 'तीन'ला 'त्रण' व 'शंभर'ला 'सो' म्हणतात. दीड, अडीच, पाऊण यांचे प्रतिशब्द 'दोढ', 'अढी', 'पोणो' असे आहेत. म्हणून 'अढीसो ग्राम' म्हणजे अडीचशे ग्रॅम.

सुरतकडील बोलीत 'स'चा उच्चार पुष्कळदा 'ह'सारखा होतो. 'सारुं'चे 'हारुं' आणि 'सात'चे 'हात' ऐकू येते. भाव ऐकताना हे ध्यानात ठेवावे.

४.२.४ फसवे शब्द

भाषा जवळच्या असल्या, की ओळखीचे शब्दच चकवतात.

शेरडी : माणदेशात शेळ्यांना 'शेरडं' म्हणतात. गुजराती 'शेरडी' म्हणजे ऊस.
चोखा : मराठीत शुद्ध, निर्मळ. गुजरातीत तांदूळ.
भाजी : गुजरातीत केवळ पालेभाजी. सर्वसामान्य भाजीला 'शाक' म्हणतात.
मीठुं : मीठ. विशेषण म्हणून याच शब्दाचा अर्थ 'गोड' असाही होतो.
राई : मोहरी. मराठीत हा अर्थ 'राईचा पर्वत करणे' या वाक्प्रचारात टिकून आहे.

आटपाडीचे डाळिंब गुजराती बाजारात 'दाडम' या नावाने ओळखावे. संस्कृत 'दाडिम' हे दोहोंचे मूळ.

४.३ सारांश

मराठी भाषकाला गुजराती शिकताना लिंगव्यवस्था, 'पाहिजे'ची घडण, 'आम्ही-आपण' हा भेद आणि 'ळ' यांचा आधार आयताच मिळतो. उच्चारातील फरक, संख्यावाचक शब्द व फसवे शब्द यांकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागते. आपली भाषा नीट समजून घेतली, तर ती शेजारच्या भाषेचे दार उघडते, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'मारे बटाटा जोईए छे' या वाक्याचा मराठी अर्थ सांगा.
२. गुजरातीत 'शेरडी' कशास म्हणतात?
३. 'अमे' व 'आपणे' यांत कोणता भेद आहे?

(आ) 'गुजराती शिकण्यास हिंदीपेक्षा मराठी अधिक उपयुक्त आहे', हे विधान उदाहरणांनी स्पष्ट करा.

उत्तरे (अ) : १. मला बटाटे पाहिजेत. २. गुजरातीत उसाला 'शेरडी' म्हणतात. ३. 'अमे'मध्ये ऐकणारा वगळलेला असतो, 'आपणे'मध्ये तो समाविष्ट असतो.

४.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील, परराज्यात राहून आलेल्या एखाद्या कुटुंबातील स्त्रीशी बोला. बाजारासाठी तिने प्रथम शिकलेली दहा वाक्ये नोंदवा आणि त्यांतील कोणत्या वाक्यांच्या रचनेचे मराठीशी साम्य आहे, ते लिहा.