नाव न घेता प्रार्थना
शास्त्रपाठ : मार्क १:४०-४५

प्रभूने कुष्ठरोग्याला आधी हात लावला, मग शुद्ध केले, हे आपण पुष्कळदा ऐकतो. पुढचा भाग मात्र भरभर वाचतो. येशूने त्याला ताकीद दिली की हे कोणाला सांगू नये, फक्त याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवावे. त्या माणसाने पुढे स्वतःच गावभर सांगितले, ते निराळे; निदान साक्ष त्याची स्वतःची होती.

एका पाड्यावरच्या सभेत मी एका बहिणीचे नाव घेऊन ‘त्या आजारासाठी’ प्रार्थना केली. प्रेमानेच केली. आठवड्याभरात तिच्या हातचे पाणी पिणे लोकांनी सोडले. एसटीत गावचे कोणी भेटेल म्हणून ती गोळ्या आणायलाही जाईना.

पाण्याने, जेवणाने, शेजारी बसल्याने एचआयव्ही पसरत नाही. सरकारी एआरटी केंद्रात औषध मोफत मिळते. ते रोज, आयुष्यभर घ्यावे लागते. रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबून राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. गरोदर आईने वेळेवर औषध घेतले, तर बाळही बहुतेक वेळा वाचते. पण खंड पडला की सारे बिघडते. आणि संमतीशिवाय कोणाचा एचआयव्ही उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. मंडळीची प्रार्थनासभा त्याला अपवाद नाही.

मी त्या बहिणीची क्षमा मागितली. आता तारखेच्या दिवशी महिला मंडळातली एक मावशी तिच्या शेळ्या सांभाळते. कुठे चाललीस, असे मावशीने अजून विचारलेले नाही.